काजळी तशीच राहू द्या

नवा माणूस हँगरमध्ये शिरला की पाच मिनिटांच्या आत विचारतो, "हे धूत का नाहीत?" समोर आडवा पडलेला रॉकेटचा बूस्टर चाळीस मीटरहून लांब. वरचा भाग बऱ्यापैकी पांढरा आणि खालचा भाग कोळशाच्या वखारीतून ओढून आणल्यासारखा. मीही हेच विचारलं होतं. आमच्या पाळीतल्या एका जुन्या तंत्रज्ञांनी मान वर न करता उत्तर दिलं, "धुण्याचं कारण सांग, धुतो."

कारण सांगता आलं नाही. घाण दिसते हे काही कारण नव्हे. रॉकेट आपल्याला दिसतं कसं याच्याशी ते उडतं कसं याचा फारच थोडा संबंध असतो.

माझं काम फ्लोरिडात, केप कॅनव्हरलला. स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटचा खालचा, पहिला टप्पा, म्हणजे बूस्टर, उडून परत आला की पुढच्या उड्डाणासाठी तो तयार करायचा, त्यातल्या तपासणीच्या गटात मी आहे. स्टारलिंकच्या इंटरनेट उपग्रहांच्या एका उड्डाणासाठी एकच बूस्टर बंदरापासून उड्डाणाच्या पॅडपर्यंत सलग सांभाळायची संधी मिळाली, त्याबद्दल लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकते. अमेरिकेच्या कायद्यात रॉकेट हे शस्त्रसामग्रीच्या यादीत मोडतं. त्यामुळे कुठला भाग किती झिजलेला चालतो, कुठला बोल्ट किती आवळायचा, असले आकडे इथे सापडणार नाहीत. जे जाहीर आहे तेवढ्यातच लिहिते, आणि तेही कमी नाही.

बूस्टर बंदरात येतो तो उभाच. समुद्रात सहाशे किलोमीटरहून दूर एका मानवरहित तराफ्यावर उतरलेला असतो. फ्लोरिडाच्या बाजूला वर्षानुवर्षं हे काम केलेल्या तराफ्यांची नावं 'अ शॉर्टफॉल ऑफ ग्रॅव्हिटास' आणि 'जस्ट रीड द इन्स्ट्रक्शन्स' अशी लांबलचक आहेत. उतरल्यावर लगेच माणसं तिथे चढत नाहीत. एक दूरनियंत्रित यंत्रमानव बूस्टरच्या पोटाखाली सरकतो आणि त्याला खालून धरून ठेवतो. उंच, पोकळ आणि इंधन संपल्यामुळे हलकी झालेली ही वस्तू लाटांवर हेलकावत असते, तेव्हा हे धरून ठेवणं किती महत्त्वाचं आहे ते डिसेंबर २०२३ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. १९ वेळा उडालेला बी-१०५८ हा बूस्टर नीट उतरला, पण परतीच्या वाटेवर वारा आणि लाटांनी आडवा झाला. मे २०२० मध्ये दोन अंतराळवीरांना घेऊन गेलेला तो हाच बूस्टर. त्याच्या पायांना आपोआप समतल होण्याची सोय नव्हती, नंतरच्या बूस्टरांना ती आहे. त्यामुळे बंदरावर आमची पहिली नजर इंजिनांवर जात नाही, पायांवर जाते. चारही पाय कसे टेकलेत, बूस्टर कुठल्या बाजूला झुकलाय का, हे आधी बघायचं.

पायाच्या आत ॲल्युमिनियमच्या षट्कोनी जाळीचा एक गाभा असतो. उतरताना धक्का जोरात बसला तर तो गाभा चेपतो आणि धक्का स्वतः पचवतो. एकदा चेपला की तो पुन्हा फुगत नाही, बदलावाच लागतो. आमच्या बूस्टरचा गाभा शाबूत होता, म्हणजे उतरणं हलकं झालं होतं. हे तसं टेलिमेट्रीतून, म्हणजे उड्डाणात बूस्टरने पाठवलेल्या आकड्यांतून, आम्हाला कळलंच होतं, तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कागदावर सही होत नाही.

मग क्रेन. बूस्टरच्या डोक्याला एक टोपी बसवतात, तिला धरून अख्खा बूस्टर तराफ्यावरून उचलतात आणि धक्क्यावरच्या बैठकीवर ठेवतात. तिथे पाय वर दुमडले जातात. सुरुवातीच्या बूस्टरांचे पाय सोडवून काढावे लागत, आता तारांनी ओढून जागच्या जागी मिटतात. एवढ्या एका सुधारणेने बंदरातला मुक्काम कितीतरी कमी झाला. पोर्ट कॅनव्हरल हे मोठ्या पर्यटन जहाजांचंही बंदर आहे, त्यामुळे हे सगळं चालू असताना शेजारून जाणाऱ्या जहाजाच्या डेकवरून शेकडो माणसं हात हलवत असतात. आम्ही मात्र आकाशाकडे बघत असतो. फ्लोरिडात उन्हाळ्यातली दुपार म्हणजे वीज. पाच सागरी मैलांच्या आत वीज पडण्याची शक्यता जाहीर झाली की उघड्यावरचं काम जिथल्या तिथे थांबतं, आणि क्रेनवर काही लटकवण्याचा तर प्रश्नच नाही. त्या दिवशी आमचे बरेच तास असेच गेले. शेवटी बूस्टर आडवा करून लांब ट्रेलरवर चढला आणि रस्त्याने हँगरकडे निघाला.

आता काजळीकडे येते. बूस्टर परत येतो तो शेपटाकडून. वातावरणात शिरताना तीन इंजिनं काही सेकंद पेटतात, वेग मारतात, आणि शेवटी एका इंजिनावर तो उतरतो. म्हणजे इंजिनांतून निघालेल्या धुरातूनच तो स्वतः खाली येत असतो. इंधन केरोसीनच्याच कुळातलं, आरपी-१ नावाचं, त्यामुळे काजळी भरपूर. वरच्या बाजूला द्रवरूप ऑक्सिजनची टाकी असते. ती इतकी थंड असते की बाहेरून हिमाचा थर धरते, म्हणून तिथे काजळी नीट चिकटत नाही. खालच्या केरोसीनच्या टाकीवर ती व्यवस्थित बसते. दोन्हींच्या मध्ये सरळ रेघ दिसते ती यामुळे. बूस्टर किती वेळा उडालाय याचा अंदाज जुनी माणसं या रंगावरून बांधतात, पण तो केवळ गंमतीचा भाग. काजळीचं वजन नगण्य, तिने उड्डाणात अडथळा येत नाही. जिथे वेल्डिंगचा सांधा तपासायचाय, जिथे सेन्सरचं तोंड आहे, तेवढी जागा पुसतात. बाकीची तशीच.

यामागे आळस नाही. पुसायचं म्हणजे द्रव आला, फडकं आलं, शिडीवरचा माणूस आला, आणि कुठेतरी काहीतरी सांडण्याची, अडकण्याची, राहून जाण्याची शक्यता आली. १८ मार्च २०२० च्या स्टारलिंक उड्डाणात एका बूस्टरचं एक इंजिन वर जाताना बंद पडलं. उरलेल्या आठांनी काम निभावलं, उपग्रह कक्षेत गेले, पण बूस्टर उतरू शकला नाही. नंतर जाहीर झालेलं कारण असं होतं: स्वच्छतेसाठी वापरलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल एका सेन्सरच्या बंद नळीत थोडंसं अडकून राहिलं आणि उड्डाणात पेटलं. म्हणजे इंजिनाला घाणीने दगा दिला नाही, सफाईने दिला. हँगरमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ही गोष्ट कुणी ना कुणी सांगतंच. ती ऐकल्यावर फडकं उचलायच्या आधी हात आपोआप थबकतो.

हे थबकणं हेच माझ्या मते या कामातलं खरं कसब. बाहेरच्यांना वाटतं आम्ही रॉकेट दुरुस्त करतो. बहुतेक वेळ आम्ही एवढंच ठरवत असतो की कशाला हात लावायचा नाही. प्रत्येक झाकण उघडणं, प्रत्येक जोड सोडवणं ही एक नवी चूक होण्याची जागा असते. नीट चाललेला जोड सोडवून पुन्हा बसवला तर तो पूर्वीइतकाच चांगला आहे हे सिद्ध करायला नव्याने गळतीचाचणी करावी लागते. न उघडलेल्या जोडाने मात्र नुकतंच एक उड्डाण करून आपली परीक्षा दिलेली असते.

अर्थात हात न लावता डोळे मिटून बसायचं असाही याचा अर्थ नाही. इंजिनांच्या बाबतीत तर नाहीच. खाली नऊ मर्लिन इंजिनं, आठ गोलात आणि एक मध्ये. प्रत्येकाचा टर्बोपंप, म्हणजे इंधन आणि ऑक्सिजन इंजिनात ढकलणारा पंप, मिनिटाला सुमारे ३६,००० फेरे घेतो. त्या पंपाची टर्बाइन फिरवण्यासाठी एका छोट्या ज्वलनकक्षात इंधन मुद्दाम जास्त आणि ऑक्सिजन कमी ठेवून जाळतात. असं अर्धवट जळल्यामुळे वायू धातूला सोसेल इतपत तापतो, पण काजळी आतही धरते. शिवाय टर्बाइनच्या चाकावर पूर्वी बारीक भेगा आढळल्या होत्या, आणि मे २०१८ पासून उडणाऱ्या ब्लॉक ५ आवृत्तीत ती रचना बदलली गेली. ही पार्श्वभूमी माहीत असली की बोरस्कोप आत सरकवताना छातीत थोडं धडधडतंच. बोरस्कोप म्हणजे लवचिक नळीच्या टोकावरचा कॅमेरा. तो आत घालायचा, पडद्यावर पात्यामागून पातं बघायचं, मागच्या वेळच्या चित्राशी ताडून बघायचं. काम संथ, डोळे दुखवणारं. सरावाने काजळीचा ओघळ आणि खरी भेग यातला फरक कळायला लागतो. ओघळ कॅमेऱ्याचा कोन बदलला की आकार बदलतो, भेग बदलत नाही. संशय राहिला तर मी एकटीने ठरवायचं नसतं. चित्र जतन करायचं, दुसऱ्या डोळ्यांना दाखवायचं, आणि त्यांना आपलं मत आधी सांगायचं नाही.

इंजिनांच्या भोवती कापडासारखं एक संरक्षक आवरण असतं, त्याला आम्ही बूट म्हणतो. इंजिन थोडं हलायला मोकळं हवं आणि खालचा गरम वायू वर शिरताही कामा नये, अशी दुहेरी जबाबदारी त्याच्यावर. फेब्रुवारी २०२१ मध्ये असाच एक बूट, त्या प्रकारातला सर्वांत जास्त वेळा उडालेला, झिजला होता आणि त्याला भोक पडलं होतं. वर जाताना गरम वायू आत शिरला, एक इंजिन बंद पडलं. उपग्रह पोहोचले, बूस्टर गेला. त्यामुळे या आवरणावरून बोट फिरवताना कुणीही घाई करत नाही. शिवणीजवळ, घडीच्या जागी, जिथे कापड स्वतःवरच घासतं तिथे जास्त वेळ. आमच्या बूस्टरवर एका बुटाच्या घडीत रंग उडालेला दिसला. भोक नव्हतं, धागे सुटलेले नव्हते. बदलायचा की ठेवायचा यावर बरीच चर्चा झाली. बदलला. हात न लावण्याचं तत्त्व मान्य, पण या भागाचा इतिहास आम्हाला ठाऊक होता आणि बदलण्याची रीत पक्की होती, म्हणून झुकतं माप बदलण्याकडे गेलं.

इतिहास हा शब्द मी जपून वापरते, कारण 'हा बूस्टर इतक्या वेळा उडाला' हे वाक्य बातमीपुरतं ठीक आहे, आमच्या कामाचं नाही. इंजिन एका बूस्टरवरून दुसऱ्यावर जाऊ शकतं. झडप बदलली जाते. पाय बदलतात. त्यामुळे प्रत्येक भागाची स्वतःची वही असते, अर्थात संगणकात. हेलियमच्या बाटल्यांचंच बघा. कार्बनच्या धाग्यांनी गुंडाळलेल्या या बाटल्यांमध्ये प्रचंड दाबाने हेलियम भरलेला असतो आणि टाक्यांमधला दाब टिकवायला तो लागतो. त्यांच्यासाठी किती उड्डाणं झाली याच्याइतकंच किती वेळा भरल्या आणि रिकाम्या केल्या हेही मोलाचं. १ सप्टेंबर २०१६ ला स्पेस लाँच कॉम्प्लेक्स ४० वर चाचणीच्या तयारीत एक रॉकेट उपग्रहासकट पॅडवरच उद्ध्वस्त झालं, ते दुसऱ्या टप्प्यातल्या अशाच एका बाटलीमुळे. बाटलीच्या आतल्या अस्तराला आलेल्या बाकात ऑक्सिजन साचला होता. रद्द झालेला काउंटडाउन उड्डाणात मोजला जात नाही, बाटलीच्या वहीत मात्र जातो.

परतताना बूस्टरला दिशा देणाऱ्या टायटॅनियमच्या जाळीदार पंखांचं कौतुक एका वाक्यात संपतं. पूर्वीचे ॲल्युमिनियमचे पंख परतताना कडांना जळायचे, हे जळत नाहीत, यांच्यापाशी फार वेळ जात नाही.

या सगळ्याला पूर्वी महिने लागायचे. मार्च २०१७ मध्ये वापरलेला बूस्टर पहिल्यांदा पुन्हा उडाला तेव्हा त्याच्या दोन उड्डाणांमध्ये जवळजवळ वर्ष गेलं होतं. मार्च २०२५ मध्ये एका बूस्टरने दोन उड्डाणं नऊ दिवसांच्या अंतराने केली. ब्लॉक ५ आला तेव्हा फारशी डागडुजी न करता दहा उड्डाणं हे उद्दिष्ट सांगितलं जात होतं, पुढे एका बूस्टरने तिशी ओलांडली. माणसं जास्त वेगाने धावली म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. कुठली तपासणी निरर्थक आहे हे उड्डाणागणिक कळत गेलं आणि ती गळत गेली. नव्या टोकाची जोखीम बहुधा स्टारलिंकवर घेतली जाते, हेही यात आलंच. उपग्रह कंपनीचे स्वतःचे. बाहेरच्या ग्राहकाचा एकुलता एक महागडा उपग्रह विक्रमी फेरीच्या बूस्टरवर बसवण्याआधी आपलेच उपग्रह त्यावर बसवून बघायचे. इंटरनेटचं जाळं आणि बूस्टरची म्हातारपणची परीक्षा असे एकमेकांच्या आधाराने वाढले.

दुसरा टप्पा मात्र दर वेळी कोरा. तो परत येत नाही. कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्नला बनतो, टेक्सासमधल्या मॅकग्रेगरला पेटवून बघतात आणि मग रस्त्याने इथे येतो. रॉकेटचा व्यास ३.७ मीटर आहे त्यामागे रस्त्याने नेता यावं हा हिशेब आहे. आमच्या जुन्या, काळ्या बूस्टरला हा नवा कोरा टप्पा जोडला जातो तेव्हा नवखे लोक नव्याकडे बघून निर्धास्त होतात. मी उलट जुन्याकडे बघून होते. त्याने करून दाखवलेलं असतं.

फेअरिंग, म्हणजे नाकावरचं दोन फाकांचं कवच, तेही पुन्हा वापरलेलं. १३ मीटर उंच, ५.२ मीटर रुंद. वर गेल्यावर सुटतं, पॅराशूटने समुद्रात उतरतं आणि बोट ते उचलून आणते. काही काळ बोटीवर मोठं जाळं ताणून ते हवेतच झेलण्याचे प्रयत्न झाले, मग ते सोडून दिले गेले. पाण्यातून काढलेलं कवचही चालतं हे कळल्यावर जाळ्याची गरजच उरली नाही. इथे मात्र धुणं आहे, भरपूर आहे. खारं पाणी आणि काजळी यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

उपग्रहांच्या खोलीत मी फार वेळ नव्हते, ते दुसऱ्या गटाचं राज्य. वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडजवळ बनलेले उपग्रह तिथे येतात. अंगात पांढरा झगा, डोक्याला टोपी, पायांना आवरणं, आणि तरीही काचेपलीकडूनच बरं असं वाटावं इतकी स्वच्छता. काजळीच्या हँगरमधून तिथे गेलं की देश बदलल्यासारखं होतं. उपग्रह सपाट, घडी घातलेले, एकावर एक रचलेले. २०१९ च्या मे महिन्यात पहिल्या खेपेत असे ६० गेले होते, एकेक अडीचशे किलोच्या आसपास. आताचे 'व्ही-२ मिनी' खूप मोठे. त्यांची सुधारित आवृत्ती सुमारे ५७५ किलोची, म्हणून एका खेपेत २८ किंवा २९ मावतात, सगळे मिळून सोळा टनांहून जास्त. नेहमीच्या उड्डाणात प्रत्येक उपग्रहासाठी वेगळा धारक आणि वेगळी स्प्रिंग असते. इथे तसं काही नाही. अख्खी थप्पी ताणलेल्या दांड्यांनी आवळलेली असते. कक्षेत पोहोचल्यावर दुसरा टप्पा स्वतःभोवती हळूच फिरू लागतो, दांड्या सुटतात आणि थप्पी पसरत जाते. उपग्रह एकमेकांना किंचित घासले तरी चालेल अशीच त्यांची घडण. हे पहिल्यांदा ऐकल्यावर अंगावर काटा आला होता. धारक नसल्याने वाचलेलं वजन म्हणजे आणखी उपग्रह, हे गणित नंतर पटलं.

थप्पीभोवती फेअरिंग मिटतं आणि ते आडव्या रॉकेटच्या टोकाला जोडलं जातं. मग अख्खी गाडी, सत्तर मीटर लांब, हँगरमधून पॅडकडे जाते आणि उभी राहते. उभं राहिल्यावर माझ्या गटाला जवळजवळ काही काम उरत नाही. एखादं झाकण राहिलंय का, 'उड्डाणाआधी काढा' अशी लाल पट्टी कुठे लटकतेय का, एवढं. एके काळी प्रत्येक उड्डाणाआधी पॅडवर इंजिनं काही सेकंद पेटवून बघत. स्टारलिंकच्या उड्डाणांत आता बहुतेकदा ते टाळतात. तर्क तोच: मागच्या उड्डाणाहून चांगली चाचणी कुठली?

त्या संध्याकाळी हवामानाने अडवलं. अंदाज देतात ते अवकाश दलाच्या ४५व्या हवामान पथकाचे लोक, आणि त्यांचे नियम ढगांच्या जातींनुसार असतात. पडणारी वीज टाळणं एवढाच त्यांचा उद्देश नाही. रॉकेट आणि त्यामागचा तप्त धूर हा स्वतःच एक उंच वाहक असतो, आणि जिथे वीज पडणार नव्हती तिथेही तो ती ओढून घेऊ शकतो. अपोलो १२ वर १९६९ मध्ये तसं झालं आणि ते निभावलं. १९८७ मध्ये एक ॲटलस-सेंटॉर रॉकेट असंच गमावलं गेलं. आमच्या डोक्यावर वादळाच्या माथ्यावरून पसरलेला ऐरणीच्या आकाराचा ढग होता. वादळ स्वतः लांब गेलेलं, खाली निरभ्र संध्याकाळ, आणि तरी नकार. किनाऱ्यावर जमलेल्या लोकांना हे कधीच पटत नाही.

थोडं थांबून ढग सरकल्यावर का उडवत नाहीत, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. इंधन भरायला सुरुवात होण्याआधी असेल तर थांबतातही, त्याच दिवशीची पुढची वेळ घेतात. पण भरणं सुरू झालं की थांबता येत नाही. फाल्कनचा ऑक्सिजन त्याच्या उत्कलनबिंदूच्या, म्हणजे उणे १८३ अंश सेल्सिअसच्या, बराच खाली, उणे २०७ च्या आसपास नेलेला असतो. केरोसीनही उणे ७ च्या आसपास. थंड द्रव दाट होतो, त्याच टाकीत जास्त मावतो. पण टाकीत पडल्या क्षणापासून तो तापू लागतो. म्हणून इंधन भरणं अगदी शेवटी, उड्डाणाला ३५ मिनिटं उरली की सुरू होतं. त्यानंतर थांबायचं म्हणजे सगळं परत काढायचं. त्या संध्याकाळी भरणं सुरू होण्याआधीच रद्द झालं, म्हणून बाटल्यांच्या वहीत नोंद पडली नाही. मला त्याचंच बरं वाटलं, हे घरी सांगितलं तर कुणाला कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आकाश मोकळं होतं. ३८ मिनिटं उरली असताना लाँच डायरेक्टरने प्रत्येक गटाचा होकार घेतला. ३५ ला केरोसीन आणि पहिल्या टप्प्याचा ऑक्सिजन. १६ ला दुसऱ्या टप्प्याचा ऑक्सिजन. ७ मिनिटांवर इंजिनांच्या नळ्यांतून थोडा थंड ऑक्सिजन सोडतात, म्हणजे पंप आधीच गार होतात आणि एकदम धक्का बसत नाही. साडेचारच्या आसपास आधाराचा मनोरा किंचित मागे झुकतो. शेवटच्या मिनिटात ताबा रॉकेटवरच्या संगणकाकडे जातो. हेडफोनवर आवाज शांत असतात, चित्रपटात दाखवतात तसं कुणी ओरडत नाही. ३ सेकंदांवर इंजिनांच्या तोंडाशी हिरवी चमक दिसते. ती पेटवण्यासाठी वापरलेल्या, हवा लागताच पेट घेणाऱ्या द्रवाची. नऊच्या नऊ इंजिनांचा दाब ठरल्याप्रमाणे असेल तरच रॉकेट सोडलं जातं.

सोडलं गेलं.

वर जाताना पाहण्यासारखं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी आकडे बघत होते. बूट बदललेल्या इंजिनाच्या खोलीचं तापमान. ते शेजारच्या इंजिनांइतकंच राहिलं. अडीच मिनिटांच्या सुमारास पहिला टप्पा सुटला, तीनच्या आसपास फेअरिंग, सहा मिनिटांनंतर परतीचा पहिला जाळ, आणि साडेआठच्या आतबाहेर तराफ्याच्या कॅमेऱ्यात पाय उघडून टेकलेला बूस्टर दिसला. मधे चित्र थोडा वेळ गेलं होतं. गंमत अशी की हे चित्रही अलीकडे स्टारलिंकवरूनच येतं.

साधारण तासाभराने थप्पी सुटली. सुटलेले उपग्रह लगेच कामाला लागत नाहीत. त्यांना मुद्दाम खालच्या कक्षेत सोडतात, म्हणजे एखादा बिघडलेला निघाला तर वातावरणाच्या घर्षणाने तो लवकर जळून जावा. या शहाणपणाचीही किंमत असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये भूचुंबकीय वादळाने वरचं वातावरण फुगलं आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी ४० पर्यंत गमावले गेले. आमचे उपग्रह मात्र एकामागून एक बोलू लागले. आता आर्गॉनवर चालणाऱ्या छोट्या इंजिनांनी ते काही आठवड्यांत आपापल्या उंचीला जातील, पाचशे किलोमीटरच्या आसपास. जुने दळणवळण उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर बसतात. या अंतरातल्या फरकामुळेच इथे संदेश लवकर जातो-येतो, आणि याच फरकामुळे हजारो उपग्रह लागतात, म्हणजे आम्हालाही सुटी नाही.

तराफा परत यायला काही दिवस लागतात, आणि आम्ही त्याची वाट बघत बसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेलिमेट्रीची बैठक झाली. नऊ इंजिनांचे आलेख एकावर एक ठेवून कुठला वेगळा पडतो ते बघायचं. आठ एकमेकांवर बसले, एकाच्या पंपाचा दाब परतीच्या जाळात क्षणभर हलला होता. मर्यादेच्या आतच, पण मागच्या दोन उड्डाणांत तिथे हललेला नव्हता. सेन्सर खोटं बोलतोय की पंप खरं बोलतोय, यावर थोडा वाद झाला. यादीत पहिल्या क्रमांकावर लिहिलं: त्या इंजिनाची बोरस्कोप तपासणी, टर्बाइनची सगळी पाती, मागच्या चित्रांशी ताडून. त्याखाली कुणीतरी विचारलं, त्याच वेळी शेजारचं इंजिनही उघडून बघू या का? जुन्या तंत्रज्ञांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कारण सांगा, उघडते." कारण आलं नाही, ते इंजिन यादीत गेलं नाही.